याइचं भागते कसं?

सिस्टर टीव्ही पाहायला बसल्या की रिमोट मांडीवर, चष्मा कपाळावर आणि अंगठा आवाज बंद करायच्या बटणावर. मालिकेतल्या सासूबाई दागिन्यांनी मढून जिन्यावरून उतरायला लागल्या, की अंगठा खाली जायचा. आवाज बंद. मग सिस्टर आमच्याकडे वळून विचारायच्या, "सारं खरं हाय. पन याइचं भागते कसं?"

आता याला काय उत्तर देणार? मी दिवसभर शाळेत पोरांशी डोकेफोड करून आलेली असायची. मला हवं असायचं की कोणीतरी कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी आणि प्रसंग पुढे सरकावा. पण नाही. सिस्टरांना आधी त्या घराचा हिशेब लागायचा.

"मोठा पोरगा काय करते?"

"बिझनेस."

"कायचा? इकते काय तो?"

ते कोणालाच ठाऊक नसायचं. मालिकेतला मोठा पोरगा फक्त फाईल घेऊन घरात यायचा आणि 'डील झाली' म्हणायचा. धाकटा प्रेमात पडलेला, म्हणजे त्याची कमाई शून्य. सासरे पेपर वाचायचे. घरात चार सुना, सगळ्या सकाळी सकाळी जरीच्या साड्या नेसून हॉलमध्ये उभ्या. "अन् कुकर कोन लावते?" सिस्टर विचारायच्या. गरीब नायिका आली की तिचीही सुटका नव्हती. "गरीब हाय म्हनते, अन् मागच्या हप्त्यापासून एक साडी दुबार नेसली नाई पोट्टीनं." दवाखान्याचा प्रसंग असेल तर विचारूच नका. पेशंट नेहमी स्पेशल रूममध्ये, आणि बिल भरायला कोणी काउंटरवर गेलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही.

अकोल्यात आमचं घर आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची उभी हयात गेली. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. दूधवाला म्हणायचा, गॅसवाला म्हणायचा, आणि खुद्द त्यांचा भाऊसुद्धा म्हणायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भाऊ तेल्हाऱ्याला मास्तर. भावाची मुलगी मयुरी शिकायला म्हणून लहानपणी त्यांच्याकडे आली ती त्यांचीच झाली. औषधशास्त्र शिकली, औषधाच्या दुकानात लागली, आणि संध्याकाळी आमच्यासोबत मालिका बघत 'आत्या, आवाज सोड ना गं' म्हणून कटकट करायला लागली.

"पेशंटची हिस्ट्री घेतल्याशिवाय मी हात नाई लावत," सिस्टर म्हणायच्या. "पेशंट खोटं बोलते. अन् घरचे त्याच्याहून खोटं बोलतात. म्हनून इचाराव लागते."

टीव्हीतल्या लोकांना विचारलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण सवय ही सवयच असते हो. मयुरीसाठी स्थळं यायला लागली आणि आम्हाला त्याच सवयीची धास्ती वाटू लागली. कारण सिस्टरांनी पहिल्याच स्थळाला, मुलाचे वडील सोफ्यावर नीट टेकायच्या आत, तोच प्रश्न विचारला होता. चहा न घेता उठले ते लोक.

मग अमरावतीचं स्थळ आलं. आणि हे स्थळ मयुरीला आवडलं होतं. दोघं फोनवर बोलायचे. पोरगा एका खासगी कंपनीत सुपरवायझर. वडील लहानपणीच गेलेले, काका ठेकेदार, एकत्र कुटुंब. मयुरी मला म्हणायची, "काकू, तो ऐकून घेतो. बाकीचे नुसते सांगतात." फक्त घराचा विषय काढला की तो बोलणं बदलायचा, एवढंच तिला जरा खटकायचं.

इकडे मास्तरांच्या मोबाईलवर बंगल्याचे फोटो आले आणि मास्तर पार विरघळले. पांढरी फरशी, गोल जिना, हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा. "पोरगी राज करन, सिस्टर," ते म्हणाले, "अन् तू तिथं तोंड उघडशीन तर माया मेलेलं तोंड पाहशीन."

सिस्टरांनी शब्द दिला. तरी मयुरीने मला बाजूला घेतलं. "काकू, तुम्ही चला सोबत. आत्याच्या शेजारी बसा. तिने 'याइचं' म्हणायला तोंड उघडलं की चिमटा काढा. जोरात काढा." पोरीचे डोळे भरले होते. मी हो म्हटलं. शाळेत पोरं सांभाळते ती बाई एक सिस्टर सांभाळणार नाही?

मूर्तिजापूर मागे पडलं तसे मास्तर गाडीत तिसऱ्यांदा दम देऊ लागले. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. बडनेरा आलं तेव्हा म्हणाल्या, "नाई बोलत ना बाप्पा. किती येळा सांगू?"

बंगला फोटोसारखाच होता. काय सांगू तुम्हाला, दारातून आत गेले आणि मला वाटलं, आता कुठूनतरी ढोल-ताशांचं पार्श्वसंगीत सुरू होईल. हॉलमध्ये घरची सगळी माणसं ओळीने बसलेली. काका, काकू, काकांची दोन मुलं, सुना. सगळ्या सुना जरीच्या साड्यांत, भर दुपारी. मुलगा एका कडेला, स्टुलावर. कपडे साधे, पण चेहरा असा की उन्हातून तापून आलेला माणूस पाण्याची वाट बघत बसावा. मयुरीकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"त्याची आई?" मास्तरांनी विचारलं.

"वलगावला गेलीय, माहेरी," काकू म्हणाल्या. "तब्येत बरी नसते तिची. आणि आमच्याकडे असं नाही हो, तुझं-माझं. एकत्र कुटुंब. हे घर जितकं आमचं तितकंच त्याचं."

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा मांडीवर दाबला जात होता. रिमोट नव्हता, तरी. मी लगेच चिमटा काढून घेतला, आगाऊ.

पोहे आले. काकांची सून ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची आणि भरलेला ट्रे तिथेच तिच्या हातात यायचा. आतला हात तेवढा दिसायचा. पोहे काय झाले होते! भरपूर शेंगदाणे, वर कच्चा कांदा, आणि रस्सा वेगळा. मास्तरांनी दोनदा घेतले. मग चहा. बोलणी रंगात आली. काका मोठे दिलदार, काकू गोड बोलणाऱ्या. मास्तर तर असे खूश की त्यांनी पिशवीतला पेढ्यांचा डबा काढून मांडीवर ठेवला. पसंती सांगायची आणि पेढा हातावर ठेवायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात सिस्टर उठल्या. हातात उष्टी कपबशी.

"असू द्या, बाई उचलेल," काकू म्हणाल्या.

"नाई जी. माया उष्टा कप मी कोनाले उचलू देत नाई. सवय हाय वॉर्डातली." आणि त्या निघाल्या. मीही माझा कप उचलला आणि मागे धावले. मला काय, हॉलमधून बाहेर निघाल्या तर बरंच, असं वाटलं होतं.

स्वयंपाकघरात एक बाई एकटीच होती. बारीक, ओल्या हातांची, साडीचा पदर कमरेला खोचलेला. ओट्यावर पोळ्यांची चळत, दोन भाज्या, कढी. अख्ख्या घराचं जेवण एकटीने उरकलेलं. आम्हाला बघून ती एकदम मागे सरकली. सिस्टरांनी कप धुतला, पालथा घातला. निघणार तोच ती बाई हळूच म्हणाली, "पोरीले... पोरीले आवडला काय जी तो?"

सिस्टर थांबल्या. मी त्यांचं ते थांबणं ओळखते. मालिकेत आवाज बंद झाल्यावर खोलीत होतं तसं झालं.

"तुमी कोन?"

"मी कोनी नाई. कामाची हाय मी."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी वॉर्डातला, मऊ. "बाळंतपन कुठं झालं होतं तुमचं? घरी का दवाखान्यात?"

"दवाखान्यात. लय अडला होता तो..." ती बोलून गेली. आणि मग तिने दोन्ही ओले हात तोंडावर दाबले.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने सिस्टरांचे हातच धरले. "बाई, तुमच्या पाया पडते. काई बोलू नोका. जेठानी म्हने, आज भायेर येऊ नोको, तुले बोलता येत नाई, पाव्हने काय म्हनतीन. लगन झालं की मंग सांगू. माया पोराचं लगन मोडन, बाई. त्याले हे पोरगी लय आवडली हाय. फोनवर बोलते तवा हासते तो. या घरात तो हासत नाई."

नवरा गेल्यावर ती पोराला घेऊन थोरल्या दिराच्या घरी आली होती. मागच्या अंगणातली एक खोली मिळाली, पोराची शाळा झाली, कॉलेज झालं. त्याच्या बदल्यात सकाळच्या चहापासून शेवटच्या भांड्यापर्यंत सगळं तिने केलं. तिला ते बदल्यात वाटतही नव्हतं. "त्याहीनं लय केलं आमच्यासाठी," ती म्हणत होती. हॉलमधल्या जरीच्या साड्या कशा भर दुपारी स्वच्छ राहतात ते मला तेव्हा कळलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सगळ्यांनाच येतं.

सिस्टरांनी तिला काही वचन दिलं नाही. नुसतं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आल्या. खरं सांगते, मला वाटत होतं गप्प बसावं. पोरगा चांगला आहे, पोरीला आवडलाय, आई पुढे दिसेलच. बोलून दोन घरं मोडायची कशाला? सिस्टर बसल्या. मी शेजारी बसले. मयुरीने माझ्याकडे पाहिलं आणि बोटांनी खूण केली, चिमटा, म्हणून.

मास्तरांनी पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडली. "तर मंग आमची बाजू..."

"थांब जरा," सिस्टर म्हणाल्या.

मी हात उचलला. आणि तसाच खाली ठेवला. नाही काढवला माझ्याने चिमटा.

सिस्टर काकांकडे बघत नव्हत्या, काकूंकडेही नाही. स्टुलावरच्या मुलाकडे बघत होत्या. "बाप्पा, एकच इचारते. एवढं मोठं घर. सारे मानसं इथं बसले. मंग भागते कसं? पोहे मस्त झाले होते. कोनाच्या हातचे?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काकू हसल्या. "बाई आहे ना आमची, स्वयंपाकाला."

"मी त्याले इचारलं," सिस्टर म्हणाल्या.

मुलाच्या मानेवर घाम दिसत होता. काका खाकरले. मुलाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा मयुरीकडे. मयुरीला काहीच ठाऊक नव्हतं, ती आपली आत्यावर डोळे वटारून बसली होती. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल. आता नाही बोललास तर जन्मभर नाही बोलणार.

तो उठला आणि सरळ बाहेरच्या दाराकडे निघाला. गेलं, मला वाटलं. संपलं. पण दारापाशी त्याने फक्त चपला काढल्या. तोवर तो पायातल्या नव्या चपलांसकट बसलेला होता, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अनवाणी पायांनी तो वळला आणि स्वयंपाकघरात गेला. आतून आवाज आला, "नोको रे... नोको ना रे बाबू, सोड."

तो तिला हाताला धरून घेऊन आला. ती पदर सोडवत होती, डोक्यावर घेत होती, आणि तोंड लपवायला जागा शोधत होती.

"हे माई आई," तो म्हणाला. "वलगावले नाई गेली. इथंच होती. पोहे इनंच केले. या घरचा सारा सैपाक हेच करते. घर काकांचं हाय, आमी मांगच्या खोलीत रायतो. माया पगारात असं घर होत नाई. दोन खोल्यांचं भाडं होते."

हे सगळं मालिकेत दाखवलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, काहीही दाखवतात मेले. पण तिथे कोणी जिन्यावरून घरंगळलं नाही, वीज कडाडली नाही. काकूंचा चेहरा तेवढा पांढराफटक पडला. "म्हणजे काय, आम्ही हिला मोलकरीण म्हणून ठेवलं का?" त्या म्हणाल्या. "पोराला शिकवलं कोणी?" आणि त्याही खोटं बोलत नव्हत्या, हे लक्षात घ्या. शिकवलं होतंच त्यांनी. मास्तरांनी पेढ्यांच्या डब्याला पुन्हा दोरी बांधली.

परतीच्या वाटेवर मास्तरांनी तोंडाचा पट्टा सोडला. "टीव्हीनं येडं केलं तुले! लोकाच्या घरात जाऊन लोकाच्या चुली पाहतं! कोन देईन आता हिले पोरगा?" सिस्टर ऐकत होत्या. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते मयुरीच्या बोलण्याचं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ती बोलली. "आत्या, तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. पण त्या बाईला आता त्या घरात कोण राहू देईल? तू तुझं विचारून गाडीत बसलीस. तिने कुठे जायचं?"

सिस्टरांनी हातातला कप बाकावर ठेवला. चहा तसाच गार झाला. त्या दिवसापासून त्यांनी टीव्ही लावला नाही. मी मुद्दाम मालिकेच्या वेळेला जायची, तर पडद्यावर कापड टाकलेलं. "सिस्टर, अहो, त्या धाकट्याचं लग्न ठरलं," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "असू दे बाई." झोप उडाली होती त्यांची. "तिनं पाया पडून सांगतलं होतं मले," एवढंच पुन्हा पुन्हा.

मयुरी म्हणाली तसंच झालं होतं. आठवडाही गेला नाही आणि मायलेकांना घर सोडून वलगावला भाड्याच्या खोल्यांत जावं लागलं. ते मयुरीला फोनवर कळलं. तो तिला म्हणाला होता, "तुमच्या आत्याले सांगा, मी इतके वर्स वाट पाहत होतो, कोनीतरी इचारंन म्हनून." पण सिस्टरांचा विश्वास बसेना. "पोरगा बोलते. त्याची माय काय म्हनते ते पायजे मले," त्या म्हणाल्या आणि एका रविवारी मला घेऊन थेट वलगाव गाठलं.

दोन खोल्या. एका भिंतीला ओल. बाईने आम्हाला बघितलं आणि दारातच उभी राहिली. आत या म्हणेना. मला वाटलं, आता चार शिव्या ऐकाव्या लागणार, आणि लागल्याच. "लय शिव्या देल्या तुमाले म्या त्या दिवशी," ती म्हणाली. "आठवन आली की अजूनई देते. बसा." मग चहा ठेवता ठेवता सांगायला लागली. सकाळी अंधारात जाग येते. दचकून उठते. मग ध्यानात येतं की आज कोणाचाच डबा नाही, फक्त पोराचा. "मंग परत झोपते जी," ती म्हणाली, आणि असं लाजून हसली की जणू चोरी पकडली गेली.

सिस्टर ढसाढसा रडल्या. मी त्यांना नवऱ्याच्या आठवणीनेसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचं मयुरीने केलं. तेल्हाऱ्याला जाऊन बापासमोर बसली. "बाबा, माझा पगार आणि त्याचा पगार, दोन खोल्यांत तिघांचं भागतं. आत्याला विचारा, तिने घर पाहिलंय." मास्तर महिनाभर फुगून बसले. मग आले. पोरीपुढे बाप किती दिवस फुगणार?

सिस्टर मागल्या हिवाळ्यात गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, स्वतःची लक्षणं डॉक्टरांना स्वतःच नीट सांगितली, आणि गेल्या. त्यांच्या घराला आता कुलूप आहे. संध्याकाळी मी एकटी मालिका बघते, आणि आवाज मध्येच बंद होत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. रिकामं वाटतं हो. पण डोळे मिटले की मला टीव्हीसमोरच्या सिस्टर दिसत नाहीत. लग्नातल्या दिसतात.

अकोल्यात विहारात लग्न लागलं. मयुरी पांढऱ्या साडीत, पंचशील झालं, हार पडले. अमरावतीचे काका-काकूही आले होते. रुसवा होता, पण आले, आहेरही चांगला केला. मांडवात जेवणाची पहिली पंगत बसली, मुलाकडच्यांची. सिस्टरांनी विहिणीला हाताला धरून आणलं आणि मधल्या पाटावर बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. वांग्याची भाजी, वरण, पुऱ्या, बुंदी वाढून झाली. विहीणबाई पानाकडे बघतच राहिल्या होत्या. हात लावत नव्हत्या.

तेवढ्यात समोरच्या ओळीतून काकूंचा आवाज आला. मुद्दाम नव्हे, इतक्या वर्षांच्या सवयीने. "अगं, इकडे पाणी आण जरा."

विहीणबाई अर्ध्या उठल्यासुद्धा. गुडघा पाटावरून सुटला होता. सिस्टरांनी त्यांचं मनगट पकडलं. ओढलं नाही, नुसतं पकडून ठेवलं. सगळी पंगत बघायला लागली. काकूंनाही कळलं, त्यांचा घास हातातच राहिला. मुलगा हार गळ्यात घेऊन मांडवाच्या टोकाला उभा होता. तो आला, त्याने पाण्याचा जग उचलला आणि काकूंच्या पेल्यात ओतला.

"बसा जी," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आज तुमी जेवा."

त्या बसल्या. पहिला घास घ्यायला त्यांना वेळ लागला. मग जेवल्या. सावकाश, सगळं चाटूनपुसून, दुसऱ्यांदा बुंदी मागून जेवल्या. दुसरी पंगत खोळंबली होती, मास्तर घाई करत होते, वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन उभे होते. सिस्टरांचं कधीच झालं होतं. पण विहिणीचं होईपर्यंत त्या पानावरून उठल्या नाहीत.